एम्बेडेड प्रोसेसरचे हार्डवेअर टायमर लिनक्स कर्नेलला कसे सांगायचे?

लोलक (धागाकर्ता)

सिंगल कोअर, ३२ बिट एआरएम चिपवर मेनलाइन लिनक्स आणायचं काम आहे. कोअरमध्ये स्वतःचा टायमर नाही. बाहेर एक टायमर ब्लॉक आहे: चार चॅनेल, प्रत्येकात वर मोजत जाणारा ३२ बिटी काउंटर, एक कम्पेअर रजिस्टर (काउंटर त्यातल्या आकड्याशी जुळला की इंटरप्ट), एक स्टेटस रजिस्टर. चौघांना मिळून एकच २४ मेगाहर्ट्झचं क्लॉक. इंटरप्ट कंट्रोलर (हार्डवेअरच्या हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणारा) जीआयसी. मॅन्युअलप्रमाणे चॅनेल ० चा इंटरप्ट आयडी ६८, पुढचे ६९, ७०, ७१.

बूट 'कॅलिब्रेटिंग डिले लूप' या ओळीवर येऊन थांबतं. त्याआधीच्या सगळ्या ओळींवर वेळ ०.०००००० अशीच छापलेली.

१. अडकतंय कशामुळे?
२. डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नेलला हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) चार नोड म्हणजे नोंदी द्यायच्या की एक?
३. कोणता चॅनेल कशासाठी, हे कुठे लिहायचं?

गजरवाला

तिसऱ्यापासून सुरू करतो, बाकीचं त्यावर उभं आहे.

कर्नेलला टायमरकडून दोन निराळ्या गोष्टी हव्या असतात. एक घड्याळ: कधीही वाचा, न थांबता मोजत राहणारा काउंटर. हा क्लॉकसोर्स. दुसरा गजर: 'एवढ्या वेळाने उठव' म्हटलं की त्या क्षणी इंटरप्ट देणारा. हा क्लॉकइव्हेंट. घड्याळाला इंटरप्ट लागत नाही, गजराला लागतोच. आणि घड्याळाचा काउंटर मध्येच कोणी शून्य केला तर सिस्टिमची वेळ उडी मारते. म्हणून एकाच चॅनेलवर दोन्ही कामं तेव्हाच टाकावीत, जेव्हा काउंटरला हात न लावता नुसता कम्पेअर बदलता येतो. तुमच्या ब्लॉकमध्ये ते जमेल, पण चार चॅनेल हाताशी असताना काटकसर कशाला? ० ला गजर करा, १ ला घड्याळ.

आता अडकण्याबद्दल. ते लूप जिफीज (कर्नेलचा टिक मोजणारा आकडा) बदलायची वाट बघतं आणि जिफीज वाढतात टिकच्या, म्हणजे ठरावीक वेळाने येणाऱ्या टायमरच्या इंटरप्टमध्ये. तुमचा पहिला टिकच आलेला नाही. ०.०००००० वरून कळतं की शेड_क्लॉकही (लॉगवरच्या वेळा देणारं घड्याळ) नोंदवलं गेलं नाही, किंवा ड्रायव्हर चाललाच नाही. या क्रमाने बघा:

आधी लॉगमध्ये 'नो मॅचिंग टायमर्स फाउंड' शोधा. असेल तर नोडमधल्या कंपॅटिबलच्या (ड्रायव्हर जुळवायचं नाव) स्ट्रिंगमध्ये एखादं अक्षर चुकलंय, किंवा नोडचं स्टेटस डिसेबल्ड आहे, किंवा ड्रायव्हर कंपाइलच झालेला नाही. हे शेवटचं फार वेळा होतं. ड्रायव्हर्सखालच्या क्लॉकसोर्स फोल्डरमधले बरेचसे केकॉन्फिग (कर्नेल बांधतानाचे) पर्याय मेनूत दिसतच नाहीत, प्लॅटफॉर्मच्या केकॉन्फिगमधून ते सिलेक्ट करावे लागतात.

मेसेज नसेल तर क्लॉककडे वळा. टायमरचं इनिट टाइम_इनिटमध्ये होतं, तेव्हा ड्रायव्हर मॉडेलचा पत्ता नसतो. म्हणून टायमर_ऑफ_डिक्लेअर वापरतात. पण ज्या क्लॉकवर टायमर चालतो तेही तितक्याच लवकर, सीएलके_ऑफ_डिक्लेअरने नोंदलेलं हवं. क्लॉकचा ड्रायव्हर प्लॅटफॉर्म ड्रायव्हर (नंतर चालणारा) असेल तर क्लॉक मागताना प्रोब डिफर ही एरर मिळते, आणि इतक्या आधी 'नंतर पुन्हा ये' याला काही अर्थ नसतो. पुन्हा कोणी येत नाही.

मग इंटरप्ट नंबर. नोडमध्ये ६८ लिहिलाय का?

लोलक

हो, ६८ च. ६८ वजा ३२ म्हणजे ३६ करून बघितलं, डिले लूप पार झालं. वजाबाकी नेमकी कुठून येते?

गजरवाला

जीआयसीचे आयडी ० ते १५ कोअरनी एकमेकांना द्यायचे, १६ ते ३१ प्रत्येक कोअरचे खासगी म्हणजे पीपीआय, ३२ पासून पुढे सगळ्यांचे म्हणजे एसपीआय. नोडमध्ये पहिला आकडा प्रकार (० म्हणजे एसपीआय, १ म्हणजे पीपीआय), दुसरा त्या प्रकारातला क्रमांक, तिसरा ट्रिगर. मॅन्युअल सरळ आयडी छापतं, नोडमध्ये तो त्या प्रकाराच्या सुरुवातीपासून मोजायचा. एसपीआयला ३२ वजा, पीपीआयला १६.

तिसरा आकडाही तपासा: १ म्हणजे चढती कड, ४ म्हणजे हाय लेव्हल. स्टेटस बिट पुसेपर्यंत लाइन वरच राहत असेल तर ४.

रजिस्टरवाली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एक नोड. चारही चॅनेलची रजिस्टरं एकाच बँकेत आहेत, क्लॉक एकच आहे, बहुधा रीसेटही एकच असेल. म्हणजे हार्डवेअर म्हणून ती एकच वस्तू आहे. रेगमध्ये पूर्ण बँकेचा पत्ता आणि आकार, इंटरप्ट्समध्ये चारही ओळी चॅनेलच्या क्रमाने, आणि क्लॉक्स. आज तुम्ही एकच इंटरप्ट वापरणार असलात तरी चार लिहा. बाइंडिंगमध्ये (नोड कसा लिहायचा याचे नियम) नंतर क्रम बदलता येत नाही, कारण जुनी डीटीबी (कंपाइल केलेली डिव्हाइस ट्री) नव्या कर्नेलवर चालायला हवी.

कंपॅटिबलमध्ये चिपचं पूर्ण नाव द्या, 'जेनेरिक टायमर' छापाचं काही नको. उद्या त्याच घराण्यातली चिप आली आणि तिच्यात एक बिट वेगळा निघाला तर वेगळं नावच कामी येतं.

झटपट

नोडमध्ये सरळ एक प्रॉपर्टी टाका ना, 'हा चॅनेल लिनक्सचा क्लॉकसोर्स' अशी. ड्रायव्हर ती वाचेल. चार ओळींचं काम आहे.

रजिस्टरवाली

@झटपट, काम चार ओळींचं, पण पॅच परत येईल. डिव्हाइस ट्री हार्डवेअरचं वर्णन करते, लिनक्स त्याचं काय करणार याचं नाही. तोच नोड बूटलोडर वाचतो, दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचू शकते, त्यांना क्लॉकसोर्स या शब्दाशी देणंघेणं नाही.

चॅनेलमध्ये खरा फरक असेल तर तो फरक लिहा. टीआयच्या बाइंडिंगमध्ये 'टीआय,टायमर-अल्वॉन' आहे: हा टायमर नेहमी चालू असणाऱ्या पॉवर डोमेनमध्ये बसलाय. ते हार्डवेअरचं सत्य आहे, आणि त्यावरून ड्रायव्हर ठरवतो की झोपेतही टिकणारा म्हणून हाच घ्यायचा. इंजेनिकच्या टीसीयू या टायमर ब्लॉकमध्ये कोणते चॅनेल पीडब्ल्यूएमसाठी (पल्सची रुंदी बदलणारा सिग्नल) राखीव आहेत त्याचा मास्क देतात, कारण बोर्डावर त्या पिनांना काही जोडलेलं असतं. लोलक यांच्या ब्लॉकमध्ये चारही चॅनेल सारखे आहेत. तेव्हा ० गजर आणि १ घड्याळ हे ड्रायव्हरमध्येच ठरवायचं, डीटीएसमध्ये (डिव्हाइस ट्रीचा सोर्स) एक अक्षर नको.

झटपट

आणि दोन अगदी सारखे पण वेगवेगळे ब्लॉक असतील तर?

रजिस्टरवाली

एआरएमच्या इंटिग्रेटर बोर्डावर त्यासाठी एलियासमध्ये (नोडांची टोपणनावं) प्रायमरी आणि सेकंडरी टायमर दाखवलेत. जुना तोडगा आहे, चालतो. नाहीतर टायमर_ऑफ_डिक्लेअरचं फंक्शन प्रत्येक जुळणाऱ्या नोडसाठी एकदा बोलावलं जातं, त्यात पहिल्याला घड्याळ आणि दुसऱ्याला गजर करणारे ड्रायव्हरही आहेत. मात्र मग नोडच्या क्रमावर सगळं अवलंबून राहतं, आणि ते मला तरी पटत नाही.

गजरवाला

घड्याळाची बाजू सोपी आहे, पटकन उरकतो. साधा मेमरी मॅप्ड काउंटर असेल तर स्वतः रीड फंक्शन लिहू नका. क्लॉकसोर्स_एमएमआयओ_इनिटला पत्ता, नाव, वारंवारता, रेटिंग, बिटांची संख्या आणि रीड फंक्शन एवढं दिलं की झालं. वर मोजणाऱ्यासाठी रीडएल_अप, खाली मोजणाऱ्यासाठी रीडएल_डाउन, तो वाचलेली किंमत उलटवून देतो. एआरएमचा एसपी८०४ खाली मोजतो. तिथे चुकून अप दिलं तर वेळ उलटी धावते आणि लक्षणं इतकी विचित्र येतात की संशय भलतीकडेच जातो.

रेटिंग (कोणतं घड्याळ निवडायचं याचे गुण): १०० ते १९९ कामचलाऊ, २०० ते २९९ चांगला, ३०० ते ३९९ वेगवान आणि अचूक, ४०० च्या पुढे आदर्श. बाहेरच्या बसवर बसलेल्या ३२ बिटी टायमरला २०० ते ३०० पुरे. एआरएमचा आर्किटेक्चर टायमर ४०० घेतो, त्याच्याशी स्पर्धा नको.

मल्ट आणि शिफ्ट हाताने काढू नका. कर्नेल सायकलला मल्टने गुणून शिफ्टइतके बिट उजवीकडे सरकवतं आणि नॅनोसेकंद काढतं. २४ मेगाहर्ट्झला एक सायकल ४१.६६७ नॅनोसेकंदांची, शिफ्ट २४ घेतलं तर मल्ट ६९,९०,५०,६६७. पूर्णांकात आणताना होणारी चूक अब्जात अर्ध्या भागाहूनही कमी. घड्याळ पुढेमागे जात असेल तर दोष इथे नसतो, वारंवारता चुकीची सांगितलेली असते.

शेड_क्लॉक वेगळं नोंदवा. ते नसेल तर लॉगवरच्या वेळा जिफीच्या पायऱ्यांनी सरकतात, एचझेड (सेकंदाला किती टिक) १०० असेल तर १० मिलिसेकंदांच्या. आणि त्याच्या रीड फंक्शनला नोट्रेस लावा, नाहीतर फंक्शन ट्रेसर (कोणतं फंक्शन कधी चाललं ते नोंदणारा) वेळ विचारायला त्याच फंक्शनमध्ये शिरतो आणि तिथेच फिरत बसतो.

कड_चढती

बिटांची संख्या खरोखर मॅन्युअलमधून बघूनच भरा. रजिस्टर ३२ बिटी दिसतं, आतला काउंटर २४ बिटी असतो. ३२ सांगितलं तर काउंटर २४ बिटांवर फिरून शून्यावर येतो, आणि कर्नेलच्या हिशोबात तो पुढची अडीचशे आवर्तनं एका झटक्यात संपवून आलेला असतो.

आता खरी गोम, गजराच्या बाजूची. सेट_नेक्स्ट_इव्हेंटमध्ये (गजर लावणारं फंक्शन) बहुतेक जण काउंटर वाचतात, डेल्टा (किती सायकलनंतर उठवायचं) मिळवतात, कम्पेअरमध्ये लिहितात आणि शून्य परत देतात. डेल्टा मोठा असेल तोवर सगळं सुरळीत. डेल्टा अगदी छोटा आला, आणि वाचणं व लिहिणं यांच्यामध्ये बसवर उशीर झाला, तर कम्पेअर लिहून होईपर्यंत काउंटर त्याच्या पुढे निघून गेलेला असतो. तुलना जुळते फक्त बरोबरीवर. म्हणजे पुढची जुळणी काउंटर पूर्ण फिरून आल्यावर. २४ मेगाहर्ट्झवर २ चा ३२ वा घात म्हणजे १७८.९६ सेकंद. सिस्टिम जवळजवळ ३ मिनिटं गोठते आणि मग काही झालंच नाही अशी पुढे चालू लागते. गोठण्याचा काळ मोजा: तो काउंटरच्या फेरीइतका भरला तर दोष हाच, आणखी शोधाशोध नको.

इलाज: कम्पेअर लिहिल्यावर काउंटर पुन्हा वाचायचा. कम्पेअर वजा काउंटर ही वजाबाकी चिन्हासकट ३२ बिटांत करायची. उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर उणे ईटाइम ही एरर परत द्यायची. मग वेळ उलटून गेलीय हे कर्नेलला कळतं आणि पुढचं तो बघतो. कधी जुळणीही झालेली असते आणि आपण ईटाइमही देतो. त्या वेळी एक जादा इंटरप्ट येतो, त्याने काही बिघडत नाही.

चिन्हासकट वजाबाकी केली की एक बंधन येतं: डेल्टा २ च्या ३१ व्या घातापेक्षा कमीच हवा, नाहीतर दूरचा गजरही 'उलटून गेला' असा दिसेल. क्लॉकइव्हेंट नोंदवताना कमाल डेल्टा हेक्समध्ये ७एफएफएफएफएफएफएफ द्या, ८ एफ नको.

लोलक

कमाल डेल्टा ८ एफच दिला होता, बदलला. आता नवीन लक्षण. बूट शेवटपर्यंत जातं, 'फ्रीइंग अनयूज्ड कर्नेल' छापतं तिथे कायमचं थांबतं. ३ मिनिटं वाट बघितली, सुटत नाही.

कड_चढती

बूटच्या आर्ग्युमेंटमध्ये सीएलके_इग्नोर_अनयूज्ड टाकून बघा. सुटलं तर ड्रायव्हरने क्लॉकची वारंवारता विचारली आहे, पण क्लॉक प्रिपेअर आणि एनेबल केलेलं नाही. बूटलोडरने ते चालू ठेवलेलं होतं म्हणून इथवर आलात. बूटच्या शेवटी, लेट इनिटमध्ये, क्लॉक फ्रेमवर्क ज्यांचा कोणी धनी नाही अशी क्लॉकं बंद करतं, त्यात तुमचंही गेलं.

ते आर्ग्युमेंट कायम ठेवू नका, दुखणं फक्त झाकलं जातं. टायमर_ऑफ_इनिट वापरलंत तर क्लॉक चालू करणं, रेग मॅप करणं आणि इंटरप्ट मागणं ही तिन्ही कामं तोच करतो. बेस, क्लॉक आणि आयआरक्यू असे तीन फ्लॅग द्यायचे.

लोलक

तेच होतं. टायमर_ऑफ_इनिटवर नेलं, आता चालतंय.

गजरवाला

इंटरप्ट हँडलरमध्ये क्रम बघून घ्या. आधी स्टेटस बिट पुसायचा, मग इव्हेंट_हँडलर बोलवायचा. इव्हेंट_हँडलरच्या आतच पुढचा गजर लागतो. तो जवळचा असेल तर बिट आधीच उठलेला असतो, आणि नंतर पुसणारा ड्रायव्हर तो नवा बिटही पुसून टाकतो. गजर गेला, पुन्हा ती १७९ सेकंदांची झोप. बिट पुसलाच नाही तर उलट घडतं: लेव्हल इंटरप्ट खाली बसतच नाही आणि सीपीयू हँडलरमधून बाहेर येत नाही.

आणि इंटरप्ट मागताना आयआरक्यूएफ_टायमर हा फ्लॅग विसरू नका. रिअल टाइम कर्नेलमध्ये बाकीचे हँडलर थ्रेडमध्ये जातात, टायमरचा जाऊन चालत नाही.

मंदगती

आमच्याकडे टायमर ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर आहे. त्याला हाच साचा चालेल का?

कड_चढती

साचा तोच, पण दोन क्लॉकांची हद्द मध्ये येते. ३२,७६८ हर्ट्झची एक टिक ३०.५ मायक्रोसेकंदांची. कम्पेअरमध्ये लिहिलेलं मूल्य हळू बाजूला पोचायला बहुधा दोनतीन टिक लागतात, म्हणजे ६० ते ९० मायक्रोसेकंद. तेवढ्यात दुसऱ्यांदा लिहिलं तर पहिलं हरवतं किंवा बस अडून राहते. त्यामुळे किमान डेल्टा १ नको, ३ किंवा ४ द्या, आणि 'लिहिणं बाकी आहे' असं दाखवणारा बिट असेल तर लिहिण्याआधी तो बघा. वाचतानाही काउंटर बदलत असताना पकडला गेला तर अर्धे बिट जुने, अर्धे नवे मिळतात. लागोपाठ दोनदा वाचा, सारखं आलं तरच घ्या.

फायदा असा की ३२ बिटी काउंटर १,३१,०७२ सेकंदांनी, म्हणजे साधारण साडेछत्तीस तासांनी फिरतो. झोपेतून उठवायला उत्तम. हाय रेझोल्यूशन टायमरसाठी मात्र निरुपयोगी, त्यासाठी वेगवान टायमर वेगळा हवा.

मंदगती

वेगवान टायमर कोअरमधलाच आहे, पण कोअर खोल झोपेत गेला की तोही बंद पडतो.

गजरवाला

मग त्या क्लॉकइव्हेंटला सी३स्टॉप हा गुण लावा. नाव एक्स८६ कडून आलंय, अर्थ एवढाच: झोपेत हा मरतो. मग कर्नेल झोपण्याआधी गजराची जबाबदारी ब्रॉडकास्ट टायमरकडे देतं, तुमच्याकडे तो हा ३२ किलोहर्ट्झवाला. त्यालाही वनशॉट (एकदाच वाजणारा गजर) येत असायला हवं. ब्रॉडकास्टसाठी कोणी मिळालं नाही तर सी३स्टॉपवाला टायमर वनशॉटला अपात्र ठरतो, आणि हाय रेझोल्यूशन मोड मुकाट्याने बंद राहतो. एरर येत नाही. प्रॉकमधली टायमर_लिस्ट उघडून कळतं: रेझोल्यूशन १ नॅनोसेकंद दिसायला हवं, तिथे जिफीएवढा आकडा दिसतो.

आणि गुण न लावता झोपलात तर? कोअर उठतच नाही, किंवा कीबोर्ड, नेटवर्क असा दुसरा कोणता इंटरप्ट आला की मगच उठतो. 'की दाबली की पुढे सरकतं' अशी तक्रार कुठे दिसली की हेच.

झटपट

कॉर्टेक्स-ए९ वर ग्लोबल टायमर वापरला, सीपीयूफ्रीक (सीपीयूचा वेग बदलणारं) चालू केलं की घड्याळ वेडंवाकडं धावतं.

रजिस्टरवाली

ए९ चे ग्लोबल आणि प्रायव्हेट टायमर पेरिफक्लॉकवर चालतात आणि ते सीपीयूच्याच क्लॉकमधून भागून येतं. झिंक-७००० या चिपवर ते सीपीयूच्या निम्मं. सीपीयूचा वेग बदलला की टायमरचा बदलला. प्रायव्हेट टायमर हा गजर असल्यामुळे निभावतं: क्लॉकचा नोटिफायर लावून नवी वारंवारता कळवता येते. घड्याळाचं तसं नाही, चालू क्लॉकसोर्सची वारंवारता मध्येच बदलणं गृहीतच धरलेलं नाही. म्हणून ग्लोबल टायमरचा ड्रायव्हर आपला प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) बदलून वेग तोच ठेवतो, आणि भागाकार नीट बसत नसेल तर सीपीयूचा वेग बदलायलाच नकार देतो. दुसरं स्थिर क्लॉक असलेला टायमर असेल तर घड्याळ तिकडे न्या, हा सरळ मार्ग.

ग्लोबल टायमरचा काउंटर ६४ बिटी, पण रजिस्टरं ३२ बिटांची दोन. वरचा अर्धा वाचा, खालचा वाचा, वरचा पुन्हा वाचा. वरचा बदलला असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

सिस्टिक

कॉर्टेक्स-एमवाल्यांसाठी: सिस्टिक हा कोअरमधला टायमर २४ बिटी, खाली मोजणारा. लिनक्समध्ये तो फक्त घड्याळ होतो. त्याचं एक्सेप्शन एनव्हीआयसीच्या (तिथला इंटरप्ट कंट्रोलर) सामान्य इंटरप्टसारखं येत नाही, म्हणून गजरासाठी चिपचा दुसरा टायमर द्यावाच लागतो. १६८ मेगाहर्ट्झवर सिस्टिक ९९.९ मिलिसेकंदांत फिरतो. कर्नेल सुरक्षिततेसाठी त्याच्या निम्म्याहून जास्त झोपत नाही, म्हणून रिकामा बसलेला प्रोसेसरही दर ५० मिलिसेकंदांच्या आत उठतो. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूत हे महाग पडतं. ३२ बिटी टायमर मोकळा असेल तर घड्याळ त्याला करा.

गजरवाला

ज्यांच्या कोअरमध्ये आर्किटेक्चर टायमर आहे त्यांनी ड्रायव्हर लिहायचाच नाही, फक्त नोड. इंटरप्टचा क्रम ठरलेला: सिक्युअर, नॉन-सिक्युअर, व्हर्च्युअल, हायपरव्हायझर. सहसा पीपीआय १३, १४, ११, १०. मॅन्युअलमध्ये ते २९, ३०, २७, २६ असे दिसतील, पुन्हा तीच १६ ची वजाबाकी. वारंवारता फर्मवेअरने सीएनटीएफआरक्यू रजिस्टरमध्ये भरायची असते, आणि ती प्रत्येक कोअरवर. नोडमधली क्लॉक-फ्रीक्वेन्सी ही चुकलेल्या फर्मवेअरसाठीची कुबडी आहे. नवीन बोर्डावर ती दिसली तर फर्मवेअर दुरुस्त करा.

रिस्क-फाइव्हवर उलट: वारंवारता सीपीयूज नोडमध्ये टाइमबेस-फ्रीक्वेन्सी म्हणून द्यावीच लागते.

लोलक

सगळं चालतंय. सगळं बरोबर आहे हे तपासायचं कसं? स्लीप १० दिलं तर १० सेकंदच दाखवतं.

कड_चढती

त्याने काहीच सिद्ध होत नाही. झोप आणि मोजमाप दोन्ही त्याच क्लॉकवर, दोन्ही सारखीच चुकतात. बाहेरचं घड्याळ हवं. सीरियल कन्सोलवर डेट द्या, दुसऱ्या मशीनवरच्या घड्याळाने बरोबर १० मिनिटांनी पुन्हा द्या. ६०० सेकंद आले तर ठीक. ६२५ आले तर प्रत्यक्षात २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे आणि तुम्ही २४ सांगितलंय. ३०० आले तर कुठेतरी २ ने भागलं जातंय. एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा) सावरेल या भरवशावर राहू नका, तो दशलक्षात ५०० भागांपर्यंतच, म्हणजे दिवसाला ४३ सेकंदांपर्यंतच ओढू शकतो.

मग सिसएफएसमध्ये करंट_क्लॉकसोर्स वाचा, तुमचंच नाव यायला हवं. जिफीज दिसलं तर नोंदणी फसलीय. टायमर_लिस्टमध्ये टिक डिव्हाइस म्हणून चॅनेल ० आहे का आणि मोड वनशॉट आहे का ते बघा. नो एचझेड (काम नसताना टिक थांबवणं) चालू असेल तर रिकाम्या बोर्डावर प्रॉक इंटरप्ट्समधला टायमरचा आकडा सेकंदाला एचझेडपेक्षा बराच कमी वाढायला हवा. शेवटी सायक्लिकटेस्ट (उठायला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) रात्रभर चालवा, सोबत नेटवर्क आणि डिस्कवर भार टाकून. छोट्या डेल्टाची ती शर्यत रिकाम्या बोर्डावर सापडत नाही.

रजिस्टरवाली

आणि पॅच पाठवण्याआधी बाइंडिंगचा वायएएमएल स्कीमा लिहून डीटी_बाइंडिंग_चेक आणि डीटीबीएस_चेक दोन्ही चालवा. इंटरप्ट्सची संख्या ४ अशी पक्की लिहा. बाइंडिंगचा पॅच आधी, ड्रायव्हरचा नंतर, डीटीएसचा सगळ्यात शेवटी.

लोलक

सायक्लिकटेस्ट लावली आहे, १० मिनिटांत ६०० सेकंद आले. करंट_क्लॉकसोर्समध्ये चॅनेल १ चं नाव दिसतंय.